लागोसचा रस्ता आणि जिनिव्हाचा वकील

मंडळाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा फोन दरवर्षी येतो आणि दरवर्षी मी काहीतरी सबब सांगून सुटका करून घेतो. आयुष्यभर जमाखर्चाच्या वह्या लिहिल्या; लेख लिहिणं हा काही आपला प्रांत नव्हे, असं माझं प्रामाणिक मत आहे. या वर्षी मात्र स्वतःहून लिहायला बसलो आहे. त्याला कारण आमची धाकटी.

ती इथे लंडनमध्ये वकील आहे. कोर्टात उभं राहून उलटतपासणी वगैरे ती करत नाही, त्यामुळे तिचं काम नक्की काय, हे नातेवाइकांना समजावून सांगताना आमची दोघांची बरीच वर्षं तारांबळ उडत असे. एका देशातून लुबाडलेला पैसा दुसऱ्या देशात जातो, तिथून निरनिराळ्या कंपन्यांच्या नावांनी तिसऱ्या-चौथ्या देशात फिरत राहतो. तो शोधायचा, गोठवायचा आणि ज्याचा त्याला परत मिळवून द्यायचा, हे तिच्या विभागाचं काम. मागच्या दिवाळीत ती घरी आली तेव्हा बॅगेत कागदांचं एक जाडजूड बाड होतं. चकली खाता खाता म्हणाली, "बाबा, हे जरा वाचा. तुम्ही तिथे होतात ना?"

ते कागद सानी अबाचाच्या पैशांबद्दलचे होते. आणि मी खरोखरच तिथे होतो.

सानी अबाचा हे नाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एका वेगळ्याच कारणाने ऐकलं असेल. २००० सालाच्या आगेमागे घरोघरी ई-मेल आली, तेव्हा एक पत्र बहुतेकांना कधी ना कधी आलंच. नायजेरियाच्या दिवंगत अध्यक्षांची विधवा तुम्हाला विनवते आहे, कोट्यवधी डॉलर अडकून पडले आहेत, तुमचं बँक खातं वापरू द्या, त्यातले इतके टक्के तुमचे. नायजेरियाच्या फौजदारी कायद्यातल्या फसवणुकीच्या कलमावरून अशा ठकबाजीला तिथे 'फोर-वन-नाइन' म्हणतात. आपण ते पत्र वाचून हसलो आणि पुसून टाकलं. गंमत अशी की पत्र खोटं होतं, पण पैसा खरा होता.

मी १९८९ साली लागोसला गेलो. वडील सोलापूरच्या कापड गिरणीत जॉबर होते. गिरण्यांचे दिवस भरत आले आहेत हे त्यांना आमच्याआधी कळलं होतं, म्हणून मला त्यांनी मागावर न पाठवता कॉमर्सला घातलं. पण गिरणीने काही पाठ सोडली नाही. आफ्रिकेतल्या कापड कारखान्यांना तेव्हा भारतातली माणसं हवी असत. लागोसच्या इकेजा भागातल्या एका कारखान्यात मला हिशेबनिसाची नोकरी मिळाली. आसपास आम्ही आठ-दहा मराठी कुटुंबं होतो. गणपतीत एकाच्या घरी मूर्ती बसायची, मोदकाला नारळ भरपूर मिळायचा आणि आरतीच्या मध्यावर हमखास वीज जायची. वीज मंडळाचं नाव 'नेपा'. त्या इंग्रजी आद्याक्षरांचा लोकांनी लावलेला अर्थ असा, की वीज येईल अशी आशा कधीही धरू नका. माणसं मात्र मनाची मोठी. रांगेत, ट्रॅफिकमध्ये, अंधारात, कुठेही विनोद करू शकणारी.

१२ जून १९९३ ला तिथे अध्यक्षपदाची निवडणूक झाली. मोशूद अबिओला हे उद्योगपती जिंकणार हे स्पष्ट झालं होतं. शेजारी-पाजारी कधी नव्हे इतका आनंद होता. अकरा दिवसांनी लष्करी सरकारने ती निवडणूकच रद्द केली. नंतर काही महिने एक काळजीवाहू सरकार आलं आणि १७ नोव्हेंबर १९९३ ला संरक्षणमंत्री जनरल सानी अबाचा यांनी सत्ता ताब्यात घेतली. अबिओलांना पुढच्या वर्षी तुरुंगात टाकलं. १० नोव्हेंबर १९९५ ला लेखक केन सारो-विवा आणि त्यांच्या आठ सहकाऱ्यांना फाशी दिलं. तेल कंपन्यांमुळे ओगोनी लोकांची जमीन नासते आहे, असं सांगत ते झगडत होते. दुसऱ्याच दिवशी राष्ट्रकुलाने नायजेरियाला निलंबित केलं. आम्ही परदेशी लोक हे सगळं रेडिओवर ऐकत होतो आणि ऑफिसात त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हतो.

आपल्या घरी पोचणारी गोष्ट वेगळीच होती. जमिनीखालून तेल उपसणाऱ्या त्या देशात पेट्रोल मिळत नव्हतं. तेलशुद्धीकरण कारखाने दुरुस्तीअभावी बंद पडत आणि पेट्रोल पंपांपुढे मैल-मैल रांगा लागत. लोक गाडीतच रात्र काढत. कारखाना जनरेटरवर चालायचा आणि जनरेटरला डिझेल नसायचं. सरकारी दवाखान्यांत कापूससुद्धा रुग्णानेच आणायचा. देश गरीब आहे, असं तेव्हा आम्ही एकमेकांना सांगत होतो. तो गरीब नव्हता. त्याचा पैसा दुसरीकडे जात होता.

कसा जात होता, ते मुलीने दिलेल्या कागदांत वाचलं आणि माझ्यातला हिशेबनीस थक्क झाला. मला वाटलं होतं, काहीतरी फार गुंतागुंतीची युक्ती असणार. प्रत्यक्षात पद्धत एखाद्या किराणा दुकानाला शोभेल इतकी साधी होती. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार अध्यक्षांना पत्र लिहायचे : देशाच्या सुरक्षेसाठी तातडीने अमुक इतके डॉलर किंवा पौंड हवेत. अध्यक्ष त्यावर मंजुरीची सही करायचे. ते पत्र मध्यवर्ती बँकेत जायचं आणि बँक पैसे द्यायची, कधी ट्रॅव्हलर्स चेक, कधी परदेशी खात्यावर रक्कम आणि पुष्कळदा चक्क रोकड. नोटांच्या थप्प्या मध्यवर्ती बँकेतून गाड्यांत घालून घरी पोचत. अशा पत्रांवर दोन अब्ज डॉलरहून जास्त रक्कम काढली गेली, असं अमेरिकेच्या न्याय खात्याने पुढे न्यायालयात मांडलं. सरकारी कंत्राटांतली टक्केवारी वेगळी. एकूण चोरी तीन ते पाच अब्ज डॉलरच्या घरात असावी, असे अंदाज आहेत.

८ जून १९९८ ला अबाचा अचानक गेले. त्या दिवशी लागोसच्या रस्त्यांवर लोक नाचले, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. महिनाभरातच, ७ जुलैला, अबिओलाही कैदेतच वारले आणि त्याच रस्त्यांवर जाळपोळ झाली. १९९९ च्या मे महिन्यात निवडून आलेले अध्यक्ष आले, ओलुसेगुन ओबासांजो.

इथून जिनिव्हाच्या वकिलाची गोष्ट सुरू होते.

एन्रिको मॉनफ्रिनी हे जिनिव्हातले वकील. कोको-कॉफीच्या व्यापारामुळे नायजेरियातल्या लोकांशी त्यांचा जुना परिचय होता. सप्टेंबर १९९९ मध्ये एका रात्री त्यांना फोन आला आणि नायजेरियन सरकारातल्या एका बड्या अधिकाऱ्याने हॉटेलवर बोलावून घेतलं. अबाचांनी चोरलेला पैसा शोधून, गोठवून परत आणून देता येईल का, असा सरळ सवाल होता. मॉनफ्रिनींनी काम पत्करलं. मिळेल त्या पैशातले चार टक्के हे त्यांचं शुल्क ठरलं.

आता वाचकहो, इथे थोडा कायदा सांगायला हवा. मीही तो मुलीकडून दोन बैठकांत समजून घेतला आहे. एका देशाला दुसऱ्या देशातल्या बँकेची माहिती हवी असेल, तर रूढ मार्ग असा : आपल्या सरकारने त्यांच्या सरकारला रीतसर विनंतीपत्र पाठवायचं. ते खात्याखात्यांतून फिरतं, त्याला आव्हान दिलं जातं, अपिलं होतात आणि तोवर खातं रिकामं झालेलं असतं. शिवाय स्वित्झर्लंडमध्ये १९३४ च्या बँक कायद्याने ग्राहकाची माहिती फोडणं हाच गुन्हा. मॉनफ्रिनींनी या मार्गावर विसंबून न राहता जिनिव्हातच फौजदारी तक्रार दाखल केली. म्हणणं असं, की चोरी तिकडे झाली असेल, पण चोरीचा पैसा लपवण्याचा गुन्हा इथे, तुमच्या शहरात होतो आहे. आणि या गुन्ह्यात नायजेरिया हा देशच पीडित पक्षकार आहे. आपल्याकडे एखादी म्हातारी पोलीस ठाण्यात जाऊन "माझी पोत चोरीला गेली" असं सांगते, तसा एक अख्खा देश जिनिव्हाच्या सरकारी वकिलांकडे तक्रारदार म्हणून उभा राहिला.

याचे दोन फायदे झाले. एक म्हणजे, तिथले मुख्य सरकारी वकील बर्नार बर्तोसा यांना अधिकार मिळाला. अबाचा आणि त्यांच्या मंडळींच्या नावांची खाती कुठे आहेत ते कळवा आणि ती गोठवा, असा हुकूम बँकांना गेला. दुसरा फायदा, पीडित पक्षकार म्हणून नायजेरियाच्या वकिलाला चौकशीची कागदपत्रं पाहता येऊ लागली. एका खात्याच्या उताऱ्यावर दुसऱ्या खात्याचा नंबर सापडे, त्यावरून तिसऱ्या देशातली बँक. स्वित्झर्लंडहून माग निघाला तो लक्झेंबर्ग, लिक्टनस्टाइन, जर्सी बेट आणि इथे लंडनपर्यंत.

लंडनचं नाव वाचून तुम्हाला आश्चर्य वाटलं का? आपल्याकडे काळा पैसा म्हटलं की लोक 'स्विस बँक' म्हणतात, जणू जगातल्या सगळ्या चोरांनी एकाच गल्लीत दुकान काढलं आहे. इथल्या वित्तीय नियामक संस्थेने २००१ साली जाहीर केलं, की अबाचांच्या कुटुंबाशी आणि निकटवर्तीयांशी संबंधित खाती ब्रिटनमधल्या २३ बँकांत सापडली. १९९६ ते २००० या काळात त्यांतून १ अब्ज ३० कोटी डॉलरची उलाढाल झाली आणि यांतल्या १५ बँकांच्या देखरेखीत गंभीर उणिवा होत्या. म्हणजे लागोसमध्ये आम्ही डिझेलच्या पिंपासाठी वणवण करत होतो, तेव्हा त्याच डिझेलचा पैसा ज्या शहरात बसून मी आज हे लिहितो आहे, तिथून ये-जा करत होता.

पैसा गोठवणं हा निम्मा भाग. परत मिळवणं अवघड. खातेदार म्हणतो, हा माझा व्यापारातला नफा आहे, तुम्ही चोरी सिद्ध करा. प्रत्येक डॉलरचा माग मध्यवर्ती बँकेपासून जिनिव्हापर्यंत लावायचा म्हटलं तर आयुष्यं सरतील. २००२ साली तडजोड होत आली होती : कुटुंबाने एक अब्जाहून जास्त डॉलर सोडायचे, दहा कोटी ठेवून घ्यायचे आणि खटले मागे घ्यायचे. चोराला दहा कोटी बक्षीस, अशी टीकाही झाली. शेवटी अबाचांच्या मुलानेच माघार घेतली आणि ते बारगळलं. ते एका अर्थी बरंच झालं. कारण ७ फेब्रुवारी २००५ ला स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने जो निकाल दिला, तोच त्या दिवाळीत मुलीच्या बॅगेत होता.

न्यायालय म्हणालं, की अबाचा आणि त्यांचं टोळकं ही कायद्याच्या भाषेत 'गुन्हेगारी संघटना' आहे. हे कलम मुळात माफिया टोळ्यांसाठी केलेलं. त्याची गंमत अशी, की एकदा संघटना गुन्हेगारी ठरली की ओझं फिरतं. पैसा चोरीचा आहे हे सरकारने सिद्ध करायचं नाही, तो प्रामाणिक कमाईचा आहे हे खातेदाराने दाखवायचं. अबाचा मंडळींना ते दाखवता येईना. देशाचा प्रमुख आणि त्याचं कुटुंब यांना माफियाच्या मापाने मोजण्याची ही मोठीच गोष्ट होती. त्या निकालानंतर स्वित्झर्लंडहून सुमारे पन्नास कोटी डॉलर नायजेरियाला गेले.

याआधीचं मोठं उदाहरण फिलिपाइन्सचं. फर्डिनांड मार्कोस फेब्रुवारी १९८६ मध्ये देश सोडून हवाईला पळाले. पुढच्याच महिन्यात स्विस सरकारने त्यांची खाती गोठवली. पती-पत्नींनी १९६८ साली झुरिकमध्ये 'विल्यम सॉन्डर्स' आणि 'जेन रायन' अशा टोपणनावांनी खाती उघडली होती. फिलिपाइन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००३ मध्ये निकाल दिला, त्यातला हिशेब मला फार आवडला. न्यायाधीशांनी दोघांचा वीस वर्षांचा कायदेशीर पगार मोजला, तो भरला ३ लाख ४ हजार डॉलर. आणि स्विस खात्यांतली रक्कम व्याजासह झाली होती ६५ कोटी ८० लाख डॉलर. वजाबाकी करा, उरेल ते देशाचं. कोणताही हिशेबनीस हेच म्हणाला असता. पण ही वजाबाकी करायला सतरा वर्षं लागली. आणि २०२२ साली त्याच मार्कोसांचा मुलगा निवडून येऊन अध्यक्ष झाला.

हैतीच्या दुव्हालिएचा पैसा परत मिळवण्यासाठीही हैतीने मॉनफ्रिनींनाच नेमलं होतं. तिथे गुन्हा जुना झाला, मुदत संपली, म्हणून पैसा अडवून ठेवता येत नाही, असा स्विस सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. त्या निकालावरची तारीख होती १२ जानेवारी २०१०. त्याच दिवशी हैतीत भूकंप झाला आणि लाखांनी माणसं मेली. स्वित्झर्लंडलाही ते पाहवलं नाही. वर्षभरात त्यांनी नवा कायदा आणला. कोलमडलेल्या देशाला स्वतःचा खटला चालवता येत नसेल, तरी त्याचा पैसा हुकूमशहाच्या वारसांना द्यायचा नाही, हा त्याचा हेतू.

आता आपल्या देशाबद्दलही एक वाक्य लिहितो, कारण नायजेरिया म्हटलं की आपली माणसं नाक मुरडतात. बोफोर्सचे कागद १९९७ साली स्वित्झर्लंडहून दिल्लीला आले. त्या प्रकरणात लंडनमधली दोन खाती गोठवली होती, ती जानेवारी २००६ मध्ये मोकळी झाली आणि पैसा गेला. म्हणजे त्याच सुमारास नायजेरियाच्या खजिन्यात स्विस बँकांतला पैसा परत येत होता आणि आपल्या हातून तो सुटत होता. एवढंच नव्हे, तर अबाचांच्या काळात नायजेरियाला भारतीय बनावटीचे ट्रक अव्वाच्या सव्वा किमतीला विकून वरची रक्कम वाटून घेतल्याच्या प्रकरणात एका भारतीय व्यापाऱ्याला जर्सीच्या न्यायालयाने २०१० साली सहा वर्षांची शिक्षा दिली. तेव्हा नाक मुरडण्याआधी आपण जरा थांबावं हे बरं.

परत आलेल्या पैशाचं पुढे काय होतं, हाही प्रश्न असतोच. चोराच्या हातून काढून दुसऱ्या चोराच्या हाती दिला तर काय मिळवलं? पहिल्या खेपेला हे घडलंच. २००५-०६ मध्ये आलेला पैसा शाळा, दवाखाने, रस्ते यांसाठी आहे असं ठरलं, पण पाहणीला गेलेल्या स्थानिक संस्थांना काही कामं अर्धवट सापडली. म्हणून पुढच्या वेळी अटी आल्या. डिसेंबर २०१७ मध्ये स्वित्झर्लंडने आणखी सुमारे ३२ कोटी डॉलर द्यायचा करार केला, तो जागतिक बँकेच्या देखरेखीखाली. त्यातून अतिशय गरीब कुटुंबांना दरमहा ५,००० नायरा थेट द्यायचे ठरले. लिक्टनस्टाइनने २०१४ साली सुमारे २२ कोटी ७० लाख डॉलर परत केले. अमेरिकेतल्या न्यायालयाने त्याच वर्षी ४८ कोटी डॉलर जप्त केले, आणि त्यातलेच जर्सी बेटावर पडून असलेले ३० कोटींहून अधिक डॉलर फेब्रुवारी २०२० च्या करारानुसार नायजेरियाला मिळाले. करार करणारं सरकार होतं मुहम्मदू बुहारी यांचं. हे बुहारी अबाचांच्या राजवटीत पेट्रोलियम निधीचे प्रमुख होते. इतिहास असा आडवळणाने चालतो.

त्या करारात पैसा कशावर खर्च करायचा हे लिहून दिलं होतं. तीन कामं. नायजर नदीवरचा दुसरा पूल, अबुजा-कानो रस्ता आणि लागोस-इबादान महामार्ग.

हे तिसरं नाव वाचलं आणि मी कागद खाली ठेवला.

लागोस-इबादान रस्ता १९७८ साली खुला झाला, ओबासांजो पहिल्यांदा लष्करी प्रमुख होते तेव्हा. लांबी सुमारे १२७ किलोमीटर. बंदरातून देशात जाणारा माल बहुतेक याच रस्त्याने जातो. माझ्या काळात त्याची अशी दैना होती, की खड्डा चुकवायला ट्रक सरळ समोरच्या बाजूने येत. बंद पडलेला ट्रक दिव्याशिवाय रात्रभर तिथेच उभा. मागून येणाऱ्याला सावध करायला रस्त्यावर झाडाच्या फांद्या टाकून ठेवायच्या, एवढीच व्यवस्था.

१९९७ च्या नोव्हेंबरात कारखान्यातलं डिझेल संपलं. लागोसमध्ये कुठेच नव्हतं. इबादानला एकाकडे चार पिंपं आहेत असं कळलं. मी पैसे मोजून दिले, पावतीवर सही घेतली आणि आमच्या ड्रायव्हरला व्हॅन घेऊन पाठवलं. साधारण माझ्याच वयाचा योरुबा माणूस. मला 'ओगा' म्हणायचा, म्हणजे साहेब. आमची धाकटी त्याच्या खांद्यावर बसून कारखान्याच्या आवारात फिरलेली आहे. परत येताना अंधार पडला. ओगेरेच्या अलीकडे एक ट्रक उभा होता, दिवे नव्हते. पहाटे निरोप आला.

त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याच्या बायकोने मला खुर्ची दिली आणि स्वतः उभी राहिली. आल्याबद्दल माझे आभार मानले. कंपनीने काही रक्कम दिली, ती मीच नेऊन दिली. वहीत ती कुठल्या खात्यावर टाकायची, याचा मी तेव्हा विचार करत होतो, हे आठवलं की आजही लाज वाटते.

जिनिव्हातल्या खात्यांत पडलेला पैसा त्या रस्त्यावर वेळेत आला असता तर तो माणूस वाचला असता, असं मी म्हणणार नाही. अपघात कुठेही होतात. पण एक हिशेब मी अनेकदा मनाशी केला आहे. तेल काढणाऱ्या देशात डिझेल का नव्हतं? रस्त्यावर दिवे आणि गस्त का नव्हती? या ओळींची बेरीज माझ्या डोक्यात नेहमी एकाच ठिकाणी येऊन थांबते.

त्या रात्री मुलीने आणखी एक प्रश्न विचारला. जेवणं झाली होती, तिची आई आत आवराआवर करत होती. "बाबा, तुमच्या कारखान्यालाही पैसे द्यावे लागायचे का?"

मी आधी विषय बदलला. मग खरं सांगितलं. द्यावे लागायचे आणि ते मीच द्यायचो. बंदरातून सुटे भाग सोडवायला, वीज जोडून ठेवायला, नाक्यावरच्या शिपायांना. तिथे त्याला 'डॅश' म्हणतात. महिन्याच्या शेवटी मी पाकिटं भरायचो आणि वहीत लिहायचो 'किरकोळ खर्च'. अक्षर माझं सुंदर आहे, वह्या आजही कोणी पाहिल्या तर एक खाडाखोड सापडायची नाही. सगळेच देतात, दिलं नाही तर कारखाना बंद पडेल, चारशे माणसं घरी बसतील, असं मी स्वतःला सांगत असे. ते खोटंही नव्हतं. पण तेवढंच खरं होतं असंही नाही.

ती रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "तुम्हाला एक केस सांगते." हाँगकाँगमध्ये एक सरकारी वकील होता. गुन्हेगारांना वाचवायला त्याने लाच खाल्ली. त्याच्याकडची १ कोटी २४ लाख हाँगकाँग डॉलरची मालमत्ता लाचेशिवाय आलेलीच असू शकत नाही, असं न्यायालयात ठरलं. त्याने न्यूझीलंडमध्ये तीन घरं घेतली होती. प्रश्न असा, की घरं कोणाची? लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १९९३ च्या नोव्हेंबरात निकाल दिला, की लाच ज्या क्षणी हातात पडते त्या क्षणापासून ती घेणाऱ्याची नसतेच. ज्याच्याशी त्याने बेइमानी केली, त्या मालकाची ती असते. घेणारा नुसता सांभाळणारा. म्हणून त्या पैशाची घरं झाली, घरांच्या किमती वाढल्या, तरी ते सगळं मालकाचं.

निकालाचा महिना ऐकून मी चमकलो. त्याच महिन्यात अबाचा सत्तेवर आले होते. आणि मी इकेजात पाकिटं भरत होतो. या कायद्याच्या हिशेबाने त्या पाकिटातला पैसा घेणाऱ्याच्या हातात पडताच नायजेरियाच्या जनतेचा झाला होता, म्हणजे रांगेत उभ्या असलेल्या माणसांचा आणि आमच्या ड्रायव्हरचाही. मी वहीत चुकीच्या खात्यावर लिहीत होतो, इतकंच.

मुलीला तिच्या कामाबद्दल मी कधी फार विचारलं नव्हतं. रात्री अकरापर्यंत ऑफिसात बसून कोणा परक्या देशाच्या बँक खात्यांचे उतारे काय चाळते, असं मनात येई. आता येत नाही. २००३ साली संयुक्त राष्ट्रांनी भ्रष्टाचाराविरुद्धचा करार केला, त्यात चोरीचा पैसा मूळ देशाला परत करणं हे मूलभूत तत्त्व म्हणून मान्य झालं. भारतानेही २०११ साली त्याला मान्यता दिली. पण तत्त्व कागदावर असतं. एक-एक उतारा वाचून, खात्यामागचा खरा माणूस शोधून, वीस वर्षं चिकाटीने अर्ज करत राहणारी माणसं असली तरच त्याचा रस्ता होतो. अबाचा १९९८ साली वारले आणि अमेरिकेने त्यांच्या पैशातले आणखी २ कोटी ३० लाख डॉलर परत करण्याचा करार २०२२ साली केला. चोवीस वर्षं. मॉनफ्रिनींनी काम घेतलं तेव्हा आमची धाकटी आठ वर्षांची होती.

नायजर नदीवरचा दुसरा पूल मे २०२३ मध्ये खुला झाला. लागोस-इबादान रस्त्याचे आताचे फोटो मुलीने मला तिच्या फोनवर दाखवले. रुंद डांबरी रस्ता, मध्ये दुभाजक, पांढरे पट्टे. मी फोटो मोठा करून ओगेरे कुठे असेल ते शोधत होतो. तिने विचारलं, "काय बघताय?" मी म्हटलं, "दिवे."